जुहूची पागा

विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, पूर्वी ज्याला घोडबंदर रस्ता म्हणत तो मार्ग ओलांडून समुद्राच्या दिशेने निघालेल्या पांथस्थाला दाट वस्तीच्या मधोमध एक सपाट, कुंपणबंद मैदान लागते. आणि ज्या उपनगरात वीतभर जागेसाठी भाऊ भावाविरुद्ध दिवाणी कोर्टाची पायरी चढतो, त्या उपनगरात एवढा विस्तीर्ण भूभाग इतकी वर्षे मोकळा राहिला तरी कसा, असा प्रश्न त्याच्या मनात सहजच उद्भवतो. हेलिकॉप्टरांची घरघर ऐकू आली म्हणजे त्याला अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे इतिहासाच्या दप्तरात आहे, आणि ते असे की, हिंदुस्थानातील मुलकी विमानविद्येने आपले पहिले घर याच जुहूच्या मैदानावर मांडले, आणि लढाऊ वैमानिकांच्या ज्या संस्काराचे आज आपण कौतुक करतो त्याची काही मुळे याच खाऱ्या मातीत रुजली.

१९२० साली मुंबई उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ ही मुंबईकरांच्या लेखी हवा पालटण्याची गावे होती; समुद्राकाठी कोळीवाडे, त्यांच्यामागे माडांच्या वाड्या, भरतीच्या पाण्याने भिजणारी खाजणे आणि भातखाचरे, असा हा मुलूख होता. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली, आणि त्याच वर्षी जुहूला विमानतळ उभा राहिला. 'विमानतळ' हा शब्द येथे थोडा जपूनच वापरला पाहिजे, कारण बांधीव धावपट्टी असे तेथे काही नव्हते. होती ती चोपून सपाट केलेली जमीन, जी मृग नक्षत्र लागले की चिखलाच्या स्वाधीन होई आणि पुढचे चार महिने विमानांना आपला मुक्काम पुण्याला हलवायला भाग पाडी. त्याच जमिनीवर मुंबईचा फ्लाइंग क्लब सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या तरुणाच्या हाती हिंदुस्थानात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना पडला.

त्या काळाचा विलक्षणपणा असा की, १९३० च्या उन्हाळ्यात ज्या पार्ल्यात मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली होती आणि माणसे सरकारचा कायदा मोडून तुरुंगाची वाट धरीत होती, त्याच पार्ल्याच्या डोक्यावरून क्लबची लहानशी विमाने घिरट्या घालीत होती. आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने, महिन्याच्या आत, प्रथम पार करणाऱ्या हिंदी वैमानिकास पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० च्या मे महिन्यात टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले, आणि अस्पी इंजिनियर हा कोवळ्या वयाचा पारशी तरुण इंग्लंडहून पूर्वेकडे येत होता. इजिप्तमधील अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगच्या अभावी अडकून पडले होते. टाटांपाशी जादा प्लग होते, आणि ते त्यांनी आपल्याच प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अवघ्या काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे ते हवाईदलात दाखल झाले, महायुद्धात सन्मान मिळविला, आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाईदलाचे प्रमुख म्हणून त्यांनी सूत्रे सांभाळली.

ही हकीगत सांगताना लोक सहसा टाटांच्या औदार्याची वाखाणणी करून थांबतात. मला तिच्यात एका व्रताचा आरंभ दिसतो. जमिनीवर स्पर्धा कितीही तीव्र असो, आकाशात संकटात सापडलेल्यास आपल्याजवळचे साहित्य दिलेच पाहिजे, हा अलिखित दंडक तेव्हाच्या मूठभर वैमानिकांनी आपखुशीने पत्करला होता. आणि पुढे लष्करी दस्त्यांत जे बंधुत्व शिस्तीच्या रूपाने प्रगट झाले त्याचे बीज या क्लबांच्या मैत्रीत आधीच पडलेले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि तेथून पुढे बेल्लारी व मद्रासपर्यंत त्या पोहोचविण्याचे काम नेव्हिल व्हिंटसेंट या रॉयल एअर फोर्समधून आलेल्या वैमानिकाने केले. मुलकी टपाल आणि लष्करी तालीम यांचा हात अशा रीतीने जुहूच्याच मातीवर एकमेकांत गुंफला गेला.

वास्तविक मुंबईचा लढाऊ उड्डाणांशी असलेला संबंध याहूनही जुना आहे. पहिल्या महायुद्धात जे चार-पाच हिंदी तरुण इंग्रजी विमानदलात शिरू शकले, त्यांत इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक यांची नावे इतिहासाने जपली. परंतु केंब्रिजमध्ये शिकलेला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर हा त्यांच्याच बरोबरीचा वीर मात्र विस्मृतीत गेला. १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आकाशात तो पडला, आणि सोम प्रांतातील हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. ज्या शहराने त्याला जन्म दिला त्या शहरात त्याचे नाव ठाऊक असलेला माणूस शोधावा लागतो.

हिंदी हवाईदलाचा पहिला दस्ता, म्हणजे स्क्वाड्रन, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस उभा राहिला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा सरकारला आढळून आले की, एवढ्या लांबच लांब किनाऱ्यावर पहारा ठेवण्यास पुरेसे वैमानिकच नाहीत. म्हणून फ्लाइंग क्लबांतील हौशी उड्डाणकारांना राखीव दलात भरती करून किनारा-संरक्षणाच्या तुकड्या निर्माण करण्यात आल्या. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची तुकडी जुहूला तैनात झाली. वापिटीसारख्या जुनाट, दुपंखी विमानांत बसून अरबी समुद्रावर तासन्‌तास गस्त घालणे आणि व्यापारी जहाजांच्या भोवताली शत्रूच्या पाणबुड्यांचा मागोवा घेणे, हे काम दिसायला नीरस होते. पण रविवारच्या करमणुकीखातर उडणाऱ्या माणसाला कर्तव्य म्हणून, हुकुमानुसार आणि दुसऱ्याच्या भरवशावर उडण्याची सवय त्या गस्तीनेच लावली. युद्ध वाढत गेले तशी सांताक्रूझला रॉयल एअर फोर्सची मोठी छावणी पसरली, आणि तेथीलच तळ पुढे मुंबईचा मुख्य विमानतळ झाला.

या सुमारास करुण कृष्ण मजुमदार या दस्तानायकाने ब्रह्मदेशात जे केले, ते पुढील पिढ्यांना उपदेशापेक्षा अधिक शिकवून गेले. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी टौंगूच्या तळावर बाँब टाकले. मजुमदारांचे लायसँडर विमान टेहळणीसाठी बनविलेले, मंदगती. तरीही दुसऱ्याच दिवशी ते त्यावर बाँब लटकवून शत्रूच्या तळावर चालून गेले, आणि रॉयल एअर फोर्सच्या दोन लढाऊ विमानांनी त्यांना सोबत दिली. आपण स्वतः जाऊन सुखरूप परत आल्यानंतरच, त्याच्या पुढल्या दिवशी त्यांनी सारा दस्ता त्या मोहिमेवर नेला. पायदळात सेनापती सैन्याच्या मागे उभा राहून आज्ञा देतो, आणि तसे करण्यातच त्याचे शहाणपण असते. हवाईदलात लढाईला जातो तो अंमलदार, आणि शिपाई तळावर त्याच्या परतण्याची वाट पाहतो. म्हणून तेथे नायकाचा अधिकार हुद्द्याच्या फितीवरून ठरत नाही, तर कोणती जोखीम त्याने प्रथम आपल्या अंगावर घेतली यावरून ठरतो.

शिवकालीन लष्कराची घडी ज्यांना माहीत आहे त्यांना यात काहीच परके वाटू नये. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, आणि पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. लढाऊ वैमानिक हा या अर्थाने बारगीरच आहे. विमान त्याचे नाही, सरकारचे आहे; उड्डाणापूर्वी तो विमानाच्या वहीवर सही करून ते ताब्यात घेतो, आणि त्या वहीत त्याच्या सहीच्या आधी इंजिन तपासणाऱ्या, शस्त्रे भरणाऱ्या, प्राणवायूची नळी जोडणाऱ्या तंत्रज्ञांच्या सह्या असतात. त्याला आसनाशी पट्ट्यांनी बांधणारा, शेवटी खांद्यावर हात ठेवून शिडीवरून उतरणारा तंत्रज्ञ हा आजचा नालबंद होय. नालबंदाचा एक खिळा ढिला राहिला तर बारगिराचा प्राण जातो, ही जाणीव ज्या दस्त्यात जिवंत असते तेथे वैमानिक तंत्रज्ञाचे नाव, गाव आणि घरची अडचण ओळखतो. जेथे ती जाणीव लोपते तेथे काय होते हेही याच उपनगराने पाहिले आहे: १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून अंधेरीच्या छावणीतील हवाई सैनिकांनीही काम थांबविले, आणि परकी अंमलदारांच्या तुसडेपणाविरुद्ध साचलेला संताप त्या दिवसांत बाहेर पडला.

दस्त्याच्या अंतर्गत जीवनाचे मर्म त्याच्या दोन रिवाजांत आहे. पहिला, जोडीने उडण्याचा. नायक पुढे लक्ष्याकडे पाहतो, आणि त्याच्या मागे एका बाजूस उडणारा 'नंबर टू' नायकाच्या पाठीकडे पाहतो. नायकाने एकट्याने पराक्रम करण्याच्या लोभात सोबत्याला मागे टाकले, किंवा सोबत्याने शिकारीच्या हव्यासाने नायकाची पाठ उघडी सोडली, तर दोघांचाही घात ठरलेला. दुसरा रिवाज उतरल्यानंतरचा, ज्याला दस्त्यात डीब्रीफिंग म्हणतात आणि ज्याला आपण उड्डाणाची झडती म्हणू. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी सारे एका खोलीत बसतात, नायक प्रथम स्वतःच्या चुका फळ्यावर मांडतो, आणि मग कालपरवा दाखल झालेला पोरगाही 'सर, आपण वळण उशिरा घेतलेत' असे तोंडावर सांगू शकतो. हुद्द्याचा मान खोलीबाहेर अबाधित असतो. खोलीत मात्र सत्याला मान असतो, कारण आज झाकलेली चूक उद्या कोणाच्या तरी घरी मृत्यूची बातमी घेऊन जाते.

या संस्कारात वाढलेल्या मराठी नावांची मालिका लहान नाही. मुंबईत १९२० साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर काश्मीरच्या पहिल्या युद्धातील पराक्रमाबद्दल महावीरचक्राचे मानकरी झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाईदलाचे प्रमुख होते. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबातील हलवाऱ्याच्या आकाशात प्रकाश पिंगळे यांचे हंटर विमान पडले आणि छत्रीने उतरून ते बचावले. दहाच दिवसांत ते पुन्हा विमानात बसले, आणि ज्या चकमकीत त्यांचा सोबती फारोख बनशा धारातीर्थी पडला त्याच चकमकीत त्यांनी शत्रूचे सेबर विमान पाडले. दिलीप परुळकरांनी १९६५ साली हाताला गोळी लागलेली असतानाही विमान तळावर परत आणले. १९७१ च्या डिसेंबरात ते युद्धकैदी झाले, आणि पुढल्या वर्षी ऑगस्टच्या तेराव्या तारखेच्या रात्री मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोघांसह रावळपिंडीच्या कैदखान्याची भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर असताना लंडी कोतलला ते पकडले गेले. तेथील लोकांच्या संशयातून तिघांचा जीव वाचला तो परुळकरांच्या प्रसंगावधानाने आणि एका शत्रूच्या सभ्यतेने. कैदखान्याचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे व्हावे असा त्यांनी आग्रह धरला, आणि हे आपलेच युद्धकैदी आहेत अशी ग्वाही हमीदांनी दिली. अबूकीरचा स्पार्क प्लग येथे वेगळ्या रूपाने परत आला, असे मला वाटते.

परंतु सर्वांना परतण्याचे भाग्य नसते. ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोटवर गेलेले विजय वसंत तांबे परत आले नाहीत, आणि बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी आयुष्यभर त्यांचा शोध चालविला. वैमानिकांच्या मैत्रीचे गुणगान करणाऱ्याने या रिकाम्या खुर्चीसमोर क्षणभर उभे राहिले पाहिजे. कारण सोबत्याला मागे न टाकण्याचा जो दंडक दस्ता पाळतो, तो राष्ट्रानेही पाळावा एवढीच त्या खुर्चीची मागणी आहे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा कराचीहून लहानशा विमानात एकटे निघून पुन्हा जुहूला उतरले. ती माती त्यांना विसरली नव्हती. विसरलो आहोत ते आपण. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घराघरांत निवृत्त वैमानिकांची आणि हवाई सैनिकांची कुटुंबे राहतात, आणि त्यांच्या ट्रंकांत उड्डाणांच्या नोंदवह्या, दस्त्याची छायाचित्रे, सोबत्यांची पत्रे पडून आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरील कागदांचे रुमाल सोडविले नसते, तर मराठेशाहीची कितीतरी कागदपत्रे आज आपल्या हाती नसती. या नोंदवह्या म्हणजे आपल्या काळाच्या बखरी आहेत. वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. ज्याने ती लिहिली तो हयात असेल तर त्याच्याजवळ बसून तिच्यातील प्रत्येक नावाची हकीगत उतरवून घ्या, आणि तो नसेल तर ती एखाद्या संग्रहालयाच्या हवाली करा. वेलिंकरांच्या बाबतीत जे राहून गेले ते इतरांच्या बाबतीत राहू नये.