जाळ्याचा आस

प्राणिप्लवक म्हटलं की पाठ्यपुस्तकातली आकृती आठवते. जवळा म्हटलं की कांदा, कोकम आणि घरभर पसरलेला वास. पण जवळा हाही प्राणिप्लवकच. शास्त्रीय नाव अ‍ॅसेटिस, कोळंबीच्या नात्यातला, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा आणि प्रवाह नेईल तिकडे जाणारा. मी राहतो त्या एव्हरशाईन सिटीतून समुद्र दिसत नाही, मधे रेल्वे आणि अख्खी वसई आहे. पण अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळ्यांना हा जीव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्या बोंबलासाठी ते डोल लावतात, तो बोंबील याच जवळ्यावर जगतो.

डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेली भली मोठी पिशवी. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार आस म्हणतात. डोलीच्या तोंडाशी आस मोठा असतो, शेपटाकडे बारीक होत जातो. जवळा अडकतो तो शेवटी. प्राणिप्लवकांच्या अभ्यासाचा सगळा इतिहास मला या आसाचाच इतिहास वाटतो.

१८२० च्या दशकात आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने बारीक कापडाचं जाळं समुद्रात ओढलं. त्यात ‘झोइया’ नावाचे काटेरी जीव सापडले. तोवर ती प्राण्यांची स्वतंत्र जात मानली जाई. थॉम्पसनने दाखवून दिलं की ती खेकड्याची पिल्लं आहेत. पुढे १८८७ मध्ये व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने या तरंगत्या जगाला ‘प्लँक्टन’ म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भटकणारा.

हिंदी महासागराची पाळी बरीच उशिरा आली. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं त्यात उतरली, आपल्या नौदलाची ‘किस्तना’ही. अडचण अशी की प्रत्येकाचं जाळं वेगळं असेल, तर मोजमापांची तुलना कशी करायची? म्हणून एक प्रमाणित जाळं ठरलं. तोंड १ चौरस मीटरचं, आस सुमारे ०.३३ मिलिमीटर, आणि ते २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दहा ठिकाणांहून दहा स्वरूपांत आलेला डेटा एकत्र करायची पाळी आली की या निर्णयाची किंमत कळते.

भरलेल्या बाटल्या कोचीला आल्या. तिथे युनेस्कोच्या मदतीने हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्र उभं राहिलं होतं. दीड हजारांहून जास्त नमुने सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे केले गेले. कोपेपॉड एकीकडे, बाणकृमी दुसरीकडे, माशांची अंडी तिसरीकडे. वर्षानुवर्षं चाललेलं हे निवडण्याचं काम एरवी कुणाच्या नजरेतही येत नाही. त्यातून नकाशे निघाले, आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. आज तिचं मुख्यालय गोव्यात, दोनापावलाला आहे.

पुढे अरबी समुद्राने एक कोडं घातलं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात इथे वनस्पतिप्लवक फोफावतात, मधल्या महिन्यांत ओसरतात. त्यांच्यावर जगणारे प्राणिप्लवकही तसेच कमी-जास्त व्हायला हवेत. पण वरच्या थरातलं त्यांचं वजन वर्षभर जवळजवळ सारखंच भरे. मग उपाशी महिन्यांत ते खात काय होते? १९९० च्या दशकात याच संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी उत्तर मांडलं. त्या महिन्यांत अन्न येतं ते जिवाणू आणि त्यांना खाणाऱ्या एकपेशीय जीवांच्या साखळीतून. हे जीव प्रमाणित जाळ्याच्या आसातून सहज निसटून जातात. म्हणजे अन्न समुद्रात होतंच, जाळ्यात नव्हतं.

तरी ते जाळं चुकीचं ठरत नाही. हे प्राणी रात्री वर येऊन चरतात, दिवसा खोल उतरतात आणि हवेतून पाण्यात आलेला कार्बन सोबत खाली नेतात. समुद्र तापतो आहे, त्यात प्राणवायू कमी होतो आहे. अशा वेळी त्यांची संख्या घटली की वाढली हे सांगायला जुना आकडा लागतो, आणि तो त्याच मापाने घेतलेला लागतो. २०१५ मध्ये हिंदी महासागराची दुसरी मोहीम सुरू झाली, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या समुद्राशी ताडून पाहायला काही हाती होतं, ते त्या कोचीच्या बाटल्यांमुळे.

किनाऱ्यावर मात्र हिशेब वेगळा चालतो. बारीक आसाच्या डोलीत जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लंही येतात. बाजारात ती स्वस्त ढिगात जातात, आणि पुढच्या हंगामात मासा का नाही म्हणून आपण विचारतो. आस किती बारीक ठेवायचा हा प्रश्न शास्त्रज्ञाचा आहे, तितकाच अर्नाळ्याच्या कोळ्याचा. फरक इतकाच की शास्त्रज्ञाच्या आसातून माहिती निसटते, आणि कोळ्याच्या आसातून जे निसटतं, तेच उद्याचं मासे असतं.