स्टेट बँकेची बुडालेली पणजी

तुमच्या फोनमध्ये स्टेट बँकेचं अॅप असेल, तर तिच्या घराण्यातली एक गोष्ट माहीत असायला हरकत नाही. १९५५ साली जन्मलेल्या या बँकेची आई म्हणजे १९२१ची इम्पीरियल बँक, आजी म्हणजे नवी बँक ऑफ बॉम्बे आणि पणजी म्हणजे १८४० साली मुंबईत निघालेली जुनी बँक ऑफ बॉम्बे. ही पणजी १८६८ साली बुडाली. दरोडा पडला नव्हता, खोट्या नोटाही निघाल्या नव्हत्या. ती बुडाली कायद्याने नुकत्याच मोकळ्या करून दिलेल्या धंद्यात.

बँकेचा धंदा मुळात विचित्रच. ती कर्ज देते त्यातला बराचसा पैसा तिचा नसतोच, ठेवीदारांचा असतो. तिचं स्वतःचं भांडवल तेवढं मध्ये उशीसारखं असतं. कर्ज बुडालं की आधी ती उशी दबते, मग ठेवीदाराला टोचायला लागतं. म्हणून १८४०च्या सनदेत कर्ज कशाच्या तारणावर द्यायचं यावर कडक बंधनं होती. सरकारी रोखे चालतील, माल चालेल. कंपन्यांचे शेअर चालणार नाहीत. सरकार स्वतः भागीदार होतं, संचालक मंडळावर त्याची माणसं होती.

मग १८६१ साली नोटा छापण्याचा हक्क सरकारने या बँकांकडून काढून स्वतःकडे घेतला. हक्क गेला तशी बंधनंही सैल झाली. १८६३च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मुभा मिळाली. आता वेळ बघा.

अमेरिकेत १८६१पासून यादवी युद्ध पेटलेलं. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडकलेला, लँकेशरच्या गिरण्या उपाशी. भाव इतके चढले की मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात. शहरात पैसा आला आणि त्याला जायला जागा नव्हती. म्हणून कंपन्या निघाल्या. १८६५च्या सुरुवातीला मुंबईत एकतीस बँका होत्या! सगळ्यात गाजली ती समुद्र हटवून जमीन काढणारी बॅक बे कंपनी. तिच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या आसपास गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. कापसाचा आणि शेअरचा दलाल, बुद्धीने तल्लख. बँक ऑफ बॉम्बेत त्याच्या शब्दाला एवढं वजन होतं, की कर्ज हवं असणारा आधी त्याला गाठायचा.

खरी गोम मला वाटतं इथे आहे. मी शेअर तारण ठेवतो, बँक कर्ज देते, त्या पैशातून मी आणखी शेअर घेतो. मागणी वाढते, भाव चढतो. भाव चढला म्हणजे तारणाची किंमत वाढली, म्हणजे आणखी कर्ज. वहीत बघावं तर प्रत्येक कर्जापाठीमागे भरभक्कम तारण. पण त्या तारणाची किंमत ज्या पैशावर उभी होती, त्यातला काही भाग बँकेनेच ओतलेला. विहिरीत आपणच पाणी ओतायचं आणि पातळी मोजून खूश व्हायचं, तसला प्रकार. त्यातून पुष्कळ कर्जं तर नुसत्या सहीवर, तारणाशिवायच दिलेली.

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आल्याची बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस. त्या दिवशी देणारे पुष्कळ, पैसे कोणाकडेच नाहीत. (स्टेट बँकेचा वाढदिवसही १ जुलैच. निव्वळ योगायोग.) बँक लगेच पडली नाही, दोन-अडीच वर्षं रखडत राहिली. दोन कोटींहून अधिक भांडवल होतं, ते जवळपास सगळं धुऊन निघालं. १८६८च्या जानेवारीत ती गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी नव्या नावाने दुसरी उभी राहिली.

चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याने बँकेच्या सचिवांवर आणि संचालकांवर ठपका ठेवला, काळ विलक्षण होता हेही मान्य केलं. पण कारणांमध्ये १८६३चा कायदाही होता. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण बुडीत बँकेची गोष्ट आपण बहुधा एका खलनायकावर संपवतो. प्रेमचंद तर त्यासाठी तयारच होता! पण शांत काळात पाळलेला नियम तेजी येण्याच्या तोंडावर काढून टाकला, तो कोणी एका दलालाने नाही.

१८७६च्या प्रेसिडेन्सी बँक्स कायद्याने बंधनं परत आली आणि सरकारने आपले शेअर काढून घेतले. आजच्या १९४९च्या बँकिंग कायद्यात कलम २० आहे: बँकेने स्वतःच्याच शेअरच्या तारणावर कर्ज देऊ नये, आपल्या संचालकांनाही देऊ नये. शेअर तारण ठेवून कर्ज आजही मिळतं, पण पूर्ण किमतीइतकं नाही. मध्ये फट सोडावी लागते. भाव पडला की आणखी तारण द्या, नाहीतर शेअर विकू, असा निरोप येतो तेव्हा राग येतो खरा. १८६५ साली तसा निरोप वेळेवर धाडणारं कोणी नव्हतं.

प्रेमचंदचं दिवाळं निघालं, पण पुढे तो १९०६पर्यंत जगला. तेजीत असताना त्याने मुंबई विद्यापीठाला चार लाख रुपये दिले होते: दोन लाख ग्रंथालयासाठी, दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. बँक बुडून दहा वर्षं झाल्यावर, १८७८ साली, तो मनोरा पुरा झाला. त्याला नाव दिलं प्रेमचंदच्या आईचं, राजाबाईचं.