‘असतील की’

परवा एका सरकारी कार्यालयात विचारलं, साहेब, आपल्या खाडीत ऊद किती उरलेत? उत्तर आलं, "असतील की." तेव्हा ब्रिटनमधल्या वॉटर व्होलची गोष्ट आठवली.

हा ओढ्याकाठी, दलदलीत बिळं करून राहणारा गुबगुबीत प्राणी. उंदराच्याच गोतावळ्यातला. १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकातला ‘रॅटी’ तो हाच. म्हणजे घरोघरी ओळखीचा. तिथेही लोक ‘असतील की’च म्हणत होते.

१९८९-९० मध्ये व्हिन्सेंट वाइल्डलाइफ ट्रस्टने देशभरात जवळपास ३००० ठिकाणी पाहणी केली. प्राणी सहसा दिसत नाही, मग बघायचं काय? तर लेंड्या! प्रजननाच्या दिवसांत हद्द दाखवायला तो ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतो. शिवाय तिरक्या कुरतडलेल्या गवताच्या कांड्या, पाण्यालगतची बिळं. माणसं काठ धरून चालली, वाकून वाकून बघितलं, लिहून ठेवलं. हसू नका.

कारण १९९६-९८ मध्ये त्याच जागा पुन्हा तपासल्या आणि धक्काच बसला. अंदाजे ७० लाखांवरून संख्या ९ लाखांच्या आत आली होती. पहिली नोंद होती म्हणून हे कळलं तरी. आपल्या खाडीची १९९० सालची नोंद कुणाकडे आहे?

घात केला मिंकने. फरच्या कोटांसाठी १९२९ पासून अमेरिकेतून आणून पाळलेला हा मुंगसासारखा शिकारी पिंजऱ्यातून सुटला. १९५६ मध्ये डेव्हन परगण्यात टेन नदीवर तो रानात पिल्लं घालताना आढळला. व्होलचा बचाव म्हणजे पाण्यात बुडी नाहीतर बिळात धूम. मिंक पोहतो, आणि त्याची मादी बिळातही शिरते. संपलंच की! पण सगळं खापर मिंकवर फोडू नये. दलदली आटवल्या, नद्या सरळ केल्या, गुरांनी काठ पार तुडवले, लपायला झुडूप ठेवलं नाही, ते माणसांनीच.

पुढे मिंक शोधायलाही खुणाच कामी आल्या. पाण्यावर तरंगती फळी, तिच्यावर बोगदा, आत ओली चिकणमाती. मिंक चौकस, आत डोकावतोच. पाऊल उमटलं की तिथेच पिंजरा लावायचा. वॉटर व्होलला इंग्लंडमध्ये कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं ते २००८ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पाहणीनंतर दहा वर्षांनी.