दिवाडी बेटाची खाजणशेती : शब्दांच्या साक्षीने एका गावसंस्थेचा इतिहास

गोमंतकाचा इतिहास बहुधा राजसत्तांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कदंब, विजयनगर, बहामनी, आदिलशाही आणि पोर्तुगीज या सत्ता क्रमाने आल्या व गेल्या. त्यांच्या शिलालेखांवरून, नाण्यांवरून व दप्तरांवरून इतिहासाची सांगड घालण्यात आली. परंतु ज्या जमिनीच्या उत्पन्नावर या सत्ता पोसल्या गेल्या ती जमीन कशी निर्माण झाली, कोणी राखली आणि कोणत्या नियमांनी राखली, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. प्रस्तुत लेखात मांडवी नदीच्या मुखाजवळील दिवाडी या लहानशा बेटाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे कागदपत्रांइतकाच आधार शब्दांचा घेतला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

१. भूमी आणि पाणी

तिसवाडी महाल म्हणजे एकसंध भूभाग नव्हे. मांडवी व जुवारी या दोन नद्या आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी तो सर्व बाजूंनी वेढलेला आहे. मुख्य बेटाच्या उत्तरेस मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, जुवे, वांशी अशी लहानमोठी बेटे आहेत. दिवाडीच्या मध्यभागी एक टेकडी आहे. तिच्यावर पिएदाद चर्च असून उतारावर व पायथ्याशी वस्ती आहे. टेकडीच्या भोवती नदीपर्यंत भातशेतीचा सखल पट्टा पसरलेला आहे. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटीने बेटावर जाता येते.

हा सखल पट्टा प्रथमदर्शनी साधा दिसतो. पण त्याचे वैशिष्ट्य असे की भरतीच्या वेळी नदीचे पाणी शेताच्या पातळीहून वर असते. ते पाणी खारे असते, कारण समुद्राच्या भरतीचा परिणाम मांडवीत पुष्कळ आतपर्यंत जाणवतो. अर्थात ही जमीन निसर्गाने दिलेली नसून खारफुटीच्या दलदलीतून माणसाने काढलेली आहे, आणि दिवसातून दोन वेळा येणारी भरती ती परत मागत असते. अशा जमिनीस 'खाजण' म्हणतात. संपूर्ण गोव्यात खाजण जमिनीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते.

खाजणाची रचना तीन अंगांची असते. पहिले अंग बांध. तो नदीकाठच्या चिकणमातीचा असून जेथे लाटांचा मारा अधिक तेथे त्यास जांभ्या दगडाची बाजू बांधतात. बाहेरच्या अंगाची खारफुटी लाटांचा जोर मोडते. दुसरे अंग 'मानस', म्हणजे बांधातील पाण्याचे दार. मानशीची लाकडी झडप अशी बसविलेली असते की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती आपोआप मिटते आणि ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने उघडते. तिसरे अंग म्हणजे मानशीच्या आतील खोलगट डोह व त्याला मिळणारे चर. या डोहास 'पोंय' म्हणतात. आतले पाणी येथे साठते आणि ओहोटीला बाहेर पडते.

जून ते सप्टेंबर या काळात पडणारा मुसळधार पाऊस जमिनीतील क्षार धुऊन काढतो, आणि त्या अवधीत 'कोरगुट' हे क्षार सोसणारे भात काढून घ्यावयाचे असते. पीक निघाल्यावर मोजून मापून खारे पाणी आत घेतात व मासे धरतात. काही गावांत त्याच जमिनीच्या कडेला मिठागरेही असत. भात, मासे आणि मीठ या तिन्ही उत्पन्नांचे वेळापत्रक एकाच झडपेवर अवलंबून आहे. दार केव्हा उघडावे व केव्हा मिटलेले ठेवावे याविषयी एकमत नसेल, तर एकाचे मासे दुसऱ्याचे भात बुडवितात. खाजणशेतीला संस्थेची आवश्यकता का भासली, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. डोंगरउतारावरील शेतकरी आपल्यापुरता शेती करू शकतो. खाजणातील शेतकऱ्यास ते शक्य नाही. बांध कोठेही फुटला तरी पाणी सर्वांच्या शेतात शिरते.

२. 'खाजण' आणि 'दिवाडी'

ही शेती किती प्राचीन आहे? फोंडा महालातील बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा या मौर्य राजाच्या ताम्रपटात याचे महत्त्वाचे प्रमाण मिळते. हे कोकणचे मौर्य होत. मगधाच्या मौर्यांहून ते पुष्कळ उत्तरकालीन असून हा ताम्रपट इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यात एका ब्राह्मणास 'खज्जन' जमीन दान दिल्याचा उल्लेख असून, ती मजुरांकरवी लागवडीस आणावी व समुद्राचे पाणी अडविण्यासाठी बांध घालावा, असा आशय आहे. 'खज्जन' पासून 'खाजण' हे रूप मराठी व कोकणीच्या ध्वनिनियमांस धरून आहे. जोडव्यंजनाचे एकेरी व्यंजन होताना मागील स्वर दीर्घ होतो, आणि स्वरांमधील 'न' चा 'ण' होतो. म्हणजे हा शब्द पंडितांनी मागाहून उचललेला नाही. चिखलात काम करणाऱ्यांच्या तोंडी तो सुमारे तेराशे-चौदाशे वर्षे अखंड राहिला असला पाहिजे. उत्तर कोकणातही 'खाजण' शब्द आहे. मात्र कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात अशा शेतीला सामान्यतः 'खार' म्हणतात आणि मानशीच्या जागी 'उघाडी' हा शब्द चालतो. व्यवस्था एका जातीची, पण पाण्याच्या दाराचे नाव प्रत्येक खाडीकाठाने आपापले ठेवले.

बेटाचे नावही विचारात घेण्यासारखे आहे. पौराणिक परंपरेत दिवाडीचा निर्देश 'दीपवती' असा, तर चोडणचा 'चूडामणी' असा होतो, आणि 'दीपवती' वरून दिव्यांशी संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु संस्कृत 'द्वीप' आणि 'दीप' या दोन्ही शब्दांचे प्राकृतात 'दीव' असे एकच रूप होते. सौराष्ट्राच्या टोकाशी असलेल्या दीव बेटाचे नाव 'द्वीप' पासून आले आहे. तेव्हा माझ्या मते 'दिवाडी' म्हणजे 'दीव' अधिक 'वाडी', बेटावरील वाडी. 'दीपवती' हे मागाहून केलेले संस्कृतीकरण असावे. नाव देणाऱ्यांना येथे दिसले ते पाण्याने वेढलेपण.

३. गावकारी

पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी जिंकली. पुढे १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावांच्या रूढींची सनद तयार केली. ती 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. नव्या सत्तेला महसूल पाहिजे होता आणि महसूल कसा बसतो हे केवळ गावकारांनाच माहीत होते. म्हणून त्यांच्या तोंडून रूढी ऐकून त्या लिहून घेणे भाग पडले. या सनदेच्या आरंभी एक उत्पत्तिकथा आहे. पूर्वी चार माणसांनी एक ओसाड बेट व इतर पडीक जमीन लागवडीस आणली, तेथे वस्ती वाढली आणि त्या मूळ पुरुषांना उत्तम कारभारामुळे 'गावकार' म्हणू लागले, असे तीत सांगितले आहे. कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो. आपला हक्क राजाच्या दानातून नव्हे तर ओसाड भूमी लागवडीस आणण्याच्या श्रमातून उत्पन्न झाला, अशी गावकारांची धारणा होती, एवढे तीवरून निश्चित दिसते.

गावची जमीन गावकारांच्या समूहाची. शेते ठराविक मुदतीने लिलावाने लागवडीस दिली जात. या लिलावास 'पावणी' म्हणत. उत्पन्नातून राजाचा ठरलेला महसूल, बांध-मानशींची दुरुस्ती, देवस्थान आणि गावचे सेवक यांचा खर्च प्रथम भागवावयाचा आणि शिल्लक राहील ती गावकारांनी वाटून घ्यावयाची. या वाट्याचे नाव 'जोनो'. ते 'जण' या शब्दाशी निगडित आहे. तोटा आल्यास तोही गावकारांच्याच माथी पडे. गावकारांचे 'वांगड' म्हणजे कुळगट असत आणि सभेत निर्णय वांगडवार होत. दा. ध. कोसंबी यांनी या गावसंस्थेवरील आपल्या निबंधात, आणि पुढे १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात, तिच्याकडे उत्पादनव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले आहे. तो दृष्टिकोन येथे विशेष उपयोगी पडतो.

तथापि या संस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. गावकारीचा हक्क पुरुषवंशाने चाले. स्त्रियांना त्यात वाटा नव्हता. आणि बांधावर प्रत्यक्ष चिखल चढविणारे बहुतेक हात गावकारांचे नव्हते. ताम्रपटातील मजुरांप्रमाणेच फोरालातील रूढींच्या मागेही पुष्कळ श्रमिक निनावी उभे आहेत. 'समूहाची जमीन' म्हणजे 'सर्वांची जमीन' असा अर्थ घेणे चुकीचे होईल.

४. कागदाचे शब्द आणि चिखलाचे शब्द

सोळाव्या शतकात दिवाडीवर मोठे परिवर्तन झाले. गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे मंदिर याच बेटावरील नार्वे येथे होते. ते पाडले गेले आणि भाविकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोली भागात नेले. त्या जागेसही 'नार्वे' हेच नाव पडले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. १५६० च्या सुमारास दिवाडी-चोडणचे बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती झाले. गावकारांची नावे बदलली, देवस्थानाचा खर्च चर्चच्या नावे पडू लागला. देव नदीपार नेता आला आणि त्याच्याबरोबर गावाचे नावही नेता आले. शेत मात्र नेता येण्यासारखे नव्हते. जे मागे राहिले त्यांना बांध राखणे प्राप्तच होते, आणि म्हणून ती संस्था धर्मांतरानंतरही टिकली.

या काळातील शब्दसंग्रहाचे दोन थर स्पष्ट वेगळे करता येतात. पहिला थर कागदाचा. 'गावकारी'ची 'कोमुनिदाद' झाली, गावच्या कुळकर्ण्याचा 'इश्क्रिव्हांव' झाला. दुसरा थर चिखलाचा. खाजण, बांध, मानस, पोंय, कोरगुट हे शब्द जसेच्या तसे राहिले. इतकेच नव्हे, तर राज्यकर्त्यांनाच ते उसने घ्यावे लागले. पोर्तुगीज दप्तरात खाजणास 'काझाना' म्हटले आहे, 'गावकार' चे 'गांकार' होऊन त्यास पोर्तुगीज अनेकवचनाचा प्रत्यय लागला आहे, आणि 'जोनो' घेणाऱ्यास 'जोनेइरो' म्हणजे देशी प्रकृतीस परकीय प्रत्यय जोडून तयार केलेला शब्द वापरला आहे. ज्या क्षेत्रात सत्तेचे ज्ञान पोहोचत नाही तेथे तिला प्रजेची भाषा स्वीकारावी लागते, असा याचा अर्थ होतो.

उलट दिशेचे उदाहरण म्हणजे दिवाडीचा ऑगस्टमधील 'बोंदेरा' उत्सव. वाड्यावाड्यांत हद्दीवरून तंटे होत, म्हणून सरकारने सीमेवर निशाणे लावली आणि लोकांनी ती पाडली. त्याची आठवण म्हणून हा उत्सव साजरा होतो, असे सांगितले जाते. 'बांदैरा' म्हणजे निशाण हा पोर्तुगीज शब्द येथे लोकांनी घेतला, पण घेतला तो सीमेच्या वादापुरता. जमीन कोणाची हे ठरविणे सत्तेकडे गेले. जमीन कोरडी कशी ठेवावयाची हे मात्र गावाकडेच राहिले.

पाण्याच्या या व्यवस्थेचे ज्ञान युद्धातही निर्णायक ठरे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने शेजारचे जुवे बेट घेतले ते ओहोटीची वेळ साधून.

५. विसावे शतक

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोर्तुगीज सरकारने कोमुनिदादींची नवी संहिता जारी केली होती, पण तोवर ही संस्था बरीचशी निष्प्राण झाली होती. जोनोचे हक्कदार मुंबई, आफ्रिका व अन्यत्र विखुरले होते. बांधाशी त्यांचा संबंध वाट्याच्या रकमेपुरता उरला होता. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला. ज्या निनावी हातांचा वर उल्लेख केला त्यांना हा न्याय फार उशिरा मिळाला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हक्क शेतागणिक वाटला गेला. बांध मात्र शेतागणिक वाटता येत नाही. त्याच्या देखभालीसाठी कुळांचे संघ स्थापन झाले. पुष्कळ ठिकाणी मासळीसाठी होणारी मानशीची पावणी हे या संघांचे मुख्य उत्पन्न ठरले. मासळीला दर अधिक, भाताला कमी. तेव्हा पावणी घेणाऱ्याने दार अधिक वेळ उघडे ठेवणे ओघानेच आले. त्यात लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी कित्येक वर्षे बांध झिजविले. खारे पाणी एकदा आत मुरले की जमीन सहजी पूर्ववत होत नाही. पडीक शेतात खारफुटी उगवते, आणि खाजण ज्यातून निघाले त्यातच परत जाते.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढावासा वाटतो. खाजण ही जमिनीची एक जात नसून ती एक जबाबदारी आहे. जबाबदारी वाहणारी संस्था न्याय्य होतीच असे नाही. पण संस्था मोडून न्याय केला तेव्हा जबाबदारीचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. राजे, धर्म आणि कायद्याची भाषा बदलूनही जे शब्द शतकानुशतके बदलले नाहीत, त्यांचे अर्थ आज बदलू लागले आहेत. 'मानस' म्हणजे शेत राखणारे दार हा अर्थ मागे पडून 'मानस' म्हणजे मासळीचा ठेका हा अर्थ रूढ होत चालला आहे. शब्द तोच राहून त्याचा अर्थ असा सरकला, तर त्यामागील व्यवहारही सरकला आहे, असे भाषेच्या अभ्यासकाने समजावे.

म्हणून आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. बांध, मानस, शेत, पाणी यांविषयीची परिभाषा गावोगाव जाऊन, वृद्ध शेतकऱ्यांकडून, अर्थ व उपयोगासह टिपून घेतली पाहिजे. दप्तरांत गावकारांचे हक्क नोंदलेले आहेत. दार केव्हा मिटावयाचे याचे ज्ञान त्यांत नाही. ते अद्याप बोलण्यात आहे, आणि बोलणारी पिढी आता थोडी उरली आहे.