‘दगडी’च्या पलीकडचे दूध

भाषेच्या अभ्यासकाने गाईच्या कासेविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु रोगाचे नाव हा त्याच्या इतिहासाचा एक दाखलाच असतो. कासदाहाला आपला शेतकरी ‘दगडी’ म्हणतो. कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. हाताला व डोळ्याला जे जाणवले त्याचे हे नाव. १८८७ साली फ्रान्समध्ये नोकार व मोलेरो यांनी या रोगाचा एक जंतू ओळखला. पुढे त्याच्या नावात ‘अगॅलॅक्टिए’ हे पद आले. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ दुधाचा अभाव. एका नावात लक्षण आहे, दुसऱ्यात हानी.

ही हानी मोजणे मात्र सोपे नव्हते. कासेच्या रोगट भागाचे दूध त्याच गाईच्या निरोगी भागाशी ताडून पाहावे, तर निरोगी भाग काही तूट भरून काढतो आणि फरक खऱ्या तोट्याहून मोठा दिसतो. शिवाय पुष्कळदा कास सुजत नाही, दूध नासत नाही. ते केवळ घटते. या सुप्त कासदाहाला ‘दगडी’ या शब्दात जागाच नव्हती.

त्याचा माग दुधातील पेशींनी दिला. जंतूंच्या प्रतिकारासाठी पांढऱ्या पेशी कासेत जमतात. १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म व नूरलँडर यांनी साबणासारख्या द्रावणाची चाचणी मांडली. द्रावणाने पेशी फुटतात. त्या अधिक असल्या तर दूध चिकट, दाट होते. निदान गोठ्यातच होऊ लागले. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत रॉबर्टास व शूक यांनी पेशींची संख्या उत्पादनाशी जोडली. ती दुप्पट झाली की पहिल्या वेतात सुमारे ९० किलो, पुढील वेतांत सुमारे १८० किलो दूध कमी मिळते. म्हणजे मिलिलिटरमागे एक लाखाच्या दोन लाख पेशी होण्याची किंमत चाराच्या आठ लाख होण्याएवढीच. डोळ्याला न दिसणारी पहिली वाढही स्वस्त नसते.

ज्याला नाव नाही, त्याचा दोष भलत्याच्या माथी जातो. चारा निकृष्ट ठरतो, कोणाची दृष्ट लागली म्हणतात, आणि अखेरीस गाईच बाजाराची वाट धरते. म्हणून ‘दगडी’च्या जोडीला ‘सुप्त कासदाह’ हा शब्दही गोठ्यात रुळला पाहिजे. कास दगड होण्याची वाट पाहणाऱ्याचे दूध त्याआधीच गेलेले असते.