बाळाचं जेवण नळीतून, आणि आई स्वतःच आजारी: हे घर चालतं कसं?

सकाळी सहा, नऊ, बारा, तीन. संध्याकाळी सहा, नऊ. रात्री परत बारा आणि तीन. हे मेट्रोचं टाइमटेबल नाही, नळीतून जेवणाऱ्या एका बाळाचा दिवस आहे. दर तीन तासांनी फीड, म्हणजे दिवसाला आठ. आणि ते देणाऱ्या आईलाच संधिवात, मधुमेह किंवा सिकलसेल असेल तर?

नळी लागतेच का?

सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारात काही मुलांना नीट गिळता येत नाही. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे आपल्या दवाखान्यातली 'राइल्स ट्यूब'. जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरवरून हे नाव पडलं. ही नळी मुख्यतः थोड्या दिवसांसाठी असते. गरज लांबणार असेल तर पोटाला छोटं छिद्र करून 'पेग' बसवतात. दुर्बिणीतून पेग बसवण्याची पद्धत 1979 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पहिल्यांदा वापरली, तीही एका तान्ह्या बाळासाठी.

काम नेमकं किती?

फीड मोजा, नळीची जागा तपासा, बाळाचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवा, हळूहळू फीड सोडा, पाण्याने नळी धुवा, पुढे अर्धा तास बाळाला आडवं करू नका, सिरिंज धुऊन ठेवा. एका फीडला तास धरला तरी दिवसाचे आठ तास झाले. म्हणजे पूर्ण वेळेची नोकरी, तीही बिनसुट्टीची.

आईचा आजार कुठे आडवा येतो?

संधिवातात सकाळी बोटं आखडतात. सहाच्या फीडला नळीचा चिमटासुद्धा दाबवत नाही. इन्सुलिन घेणारी आई बाळाचं फीड वेळेवर देते, पण स्वतःचं जेवण पुढे ढकलते आणि साखर एकदम खाली येते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं किंवा दमणूक झाली की वेदनांचा झटका येऊ शकतो. बाळाला मिलीलीटर मोजून पाणी देणारी आई स्वतः प्यायची विसरते, आणि तेच महागात पडतं.

मग करायचं काय?

एक, घरातल्या आणखी एकाला फीड द्यायला शिकवा. बाबा, आजी, मावशी, कुणीही चालेल, पण नर्ससमोर हाताने करून बघितलेलं हवं. फीडचं प्रमाण, वेळा, औषधं आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

दोन, आईची आणि बाळाची औषधं वेगळ्या डब्यांत ठेवा. गोळ्या कुटायचा खलबत्ताही वेगळा. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात, तिथे अदलाबदल जिवावर बेतू शकते.

तीन, फीडच्या अलार्मसोबत आईच्या गोळीचा आणि पाण्याचाही अलार्म लावा.

चार, नाकातली नळी जागेवर आहे का, याची शंका आली तर फीड देऊ नका. पोटावर हवेचा आवाज ऐकणं ही खात्रीची तपासणी नाही. पेग निघून आली तर लगेच दवाखाना गाठा, कारण छिद्र काही तासांत आवळू लागतं.

सरकारी मदत मिळते का?

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. याच कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही येतात. म्हणजे प्रमाणपत्रासाठी बाळासोबत आईचाही अर्ज करता येतो. अनेक घरांत फाइल फक्त बाळाचीच असते.

अशा घरात जाणं झालं तर 'काही लागलं तर सांग' एवढ्यावर थांबू नका. ती सांगणार नाही. दुपारी तीनचं फीड शिकून घ्या, आणि तिला तेवढा वेळ झोपू द्या.