रूट कॅनॉल फसले तरी दाढ वाचू शकते

रूट कॅनॉल केलेली दाढ काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा ठणकू लागली, की ती काढून टाकण्याचा आग्रह रुग्ण धरतात. मात्र अशा अनेक दाढा फेरउपचाराने वाचविता येतात. वेदना नसताना हिरडीवर वारंवार येणारी पुळी हेही आतील जंतुसंसर्गाचे लक्षण होय.

अपयशाचे एक प्रमुख कारण म्हणजे मुळातील एखादी नलिका सुटणे. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे, पण नलिका चार असतात. चौथी अतिशय अरुंद असल्याने नजरेतून निसटते. नलिका टोकापर्यंत न भरणे, कॅप बसविण्यास विलंब झाल्याने लाळेतील जंतू आत शिरणे, ही अन्य कारणे.

फेरउपचारात जुनी कॅप व नलिकेतील गटापर्चा काढून नलिका सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करतात. गरज भासल्यास काही दिवस औषध ठेवून ती पुन्हा भरतात व नवी कॅप बसवितात. हे शक्य नसल्यास मुळाचे टोक कापण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. यशाची शक्यता पहिल्या उपचारापेक्षा काहीशी कमी असते. मूळ उभे चिरले असेल, तर मात्र दाढ सहसा काढावी लागते.

नांदेड व लातूर येथे दंत महाविद्यालये आहेत; मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तपासणीस जाताना जुना एक्स-रे सोबत न्यावा. एकदा काढलेली दाढ परत येत नाही; म्हणून निर्णयापूर्वी रूट कॅनॉल का फसले, हे अवश्य विचारावे.